वडिलांच्या रिपोर्टमधलं पी५३: जठराच्या कर्करोगात गाठ रोखणारी जनुकं कशी निकामी होतात

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे आहेत. एन्डोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात गाठ दिसली, बायोप्सीत कर्करोग निघाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: इंटेस्टिनल प्रकार, पी५३ पॉझिटिव्ह (म्युटंट पॅटर्न), ई-कॅडहेरिन टिकून, एमएलएच१ टिकून, हर-२ निगेटिव्ह. वाचनात आलं की पी५३ हे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारं जनुक आहे. ते पॉझिटिव्ह असूनही गाठ झालीच कशी? ती आता झपाट्यानं वाढेल का? आणि आम्हा तिघा भावंडांना जनुक चाचणी करावी लागेल का?

उत्तर:

तुमचा गोंधळ रास्त आहे, आणि दोष तुमचा नाही, आमच्या भाषेचा आहे. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आम्ही पॅथॉलॉजिस्ट मंडळी फार ऐसपैस वापरतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रथिनासाठी केलेला रंग स्लाइडवर उमटला. ते प्रथिन कामाचं आहे की निकामी, हे त्या एका शब्दात येत नाही. कंसात ‘म्युटंट पॅटर्न’ लिहिलंय, खरी बातमी तिथे आहे. तुमच्या वडिलांच्या गाठीत पी५३ बिघडलंय, आणि बिघडलंय म्हणूनच ते इतकं रंगलंय.

हे कसं, ते जरा जवळून दाखवते. बायोप्सीचा तुकडा मेणात घालून त्याचा ठोकळा करतात, आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढून काचेवर घ्यायचा, त्यावर पी५३ ओळखणारी अँटिबॉडी सोडायची, आणि जिथे ती चिकटेल तिथे तपकिरी रंग येईल अशी सोय करायची. आता निरोगी पेशीत गंमत अशी की पी५३ सतत बनत असतं आणि बनल्यावर थोड्याच वेळात मोडलंही जात असतं. एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला मोडीत काढायचं काम करतं. म्हणून निरोगी अस्तरावर हा रंग केला तर मोजकी केंद्रकं फिकट तपकिरी दिसतात, काही अजिबात नाहीत, काही मध्यम. विस्कळीत, कुठे आहे कुठे नाही असं चित्र. आम्हाला तेच हवं असतं.

बिघडलेलं पी५३ मात्र ना आपलं काम करतं, ना एमडीएम२ बनवायची सूचना देतं. त्याला मोडणारं कोणी राहत नाही आणि ते केंद्रकात साठत जातं. स्लाइडवर मग गाठीचं प्रत्येक केंद्रक एकसारखं गडद तपकिरी दिसतं आणि शेजारची निरोगी ग्रंथी तशीच फिकट. सीमा इतकी स्वच्छ असते की कमी भिंगाखालीही बोट ठेवून दाखवता येते.

याची उलट बाजूही आहे आणि तिच्यावर मी स्वतः ठेचकाळले आहे. शिकाऊ असताना एका स्लाइडवर गाठीत रंगाचा टिपूसही नव्हता, म्हणून मी ‘पी५३ निगेटिव्ह, नॉर्मल’ असं लिहून मोकळी झाले. माझ्या वरिष्ठांनी मला दुहेरी मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि काहीही न बोलता स्लाइड सरकवली. गाठीच्या मधल्या लिम्फोसाइट पेशी फिकट रंगल्या होत्या, आजूबाजूच्या तंतुपेशीही. म्हणजे रंग नीट लागला होता. गाठीच्या पेशींत मात्र पी५३ बनतच नव्हतं, कारण जनुकच अर्ध्यावर तुटलं होतं. संपूर्ण गडद आणि संपूर्ण कोरं, दोन्ही म्युटंट. निरोगी असतं ते मधलं, गबाळं चित्र. तेव्हापासून मी नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहीत नाही, पॅटर्न लिहिते.

तुमच्यासारखीच फसगत शास्त्रज्ञांचीही झाली होती, हे ऐकून बरं वाटेल. पी५३ १९७९ मध्ये सापडलं. गाठींच्या पेशींत ते भरपूर असतं म्हणून पुढची दहा वर्षं त्याला कर्करोग घडवणारं जनुक मानत होते. प्रयोगात वापरलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या, हे नंतर कळलं. १९८९ मध्ये चित्र उलटं झालं: मूळ पी५३ गाठ रोखतं, ते मोडल्यावर गाठीला वाट मिळते.

मग ते रोखतं म्हणजे करतं काय? पेशीतला डीएनए दुखावला, तुटला, की पी५३ मोडीत काढणं थांबतं आणि ते साठू लागतं. मग ते पी२१ सारखी जनुकं चालू करतं, ती पेशीचं विभाजन थोपवतात. डागडुजी होण्यासारखी असेल तर तेवढा वेळ मिळतो. होण्यासारखी नसेल तर पी५३ त्या पेशीला स्वतःला संपवायला लावतं. गाठीवर हल्ला करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. खराब पेशीला पुढची पिढी जन्माला घालू न देणं, एवढंच.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक गेली तरी दुसरी संसार चालवते. म्हणून गाठ रोखणारं जनुक निकामी व्हायला साधारणपणे दोन घाव लागतात. हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून मांडला आणि आजही आम्ही त्याच पायावर उभे आहोत. पी५३ मात्र इथेही जरा हट्टी. त्याची चार प्रथिनं एकत्र येऊन एक कामाचा संच होतो. चौघांनी पलंग उचललाय आणि त्यातला एक उलट्या दिशेने ओढतोय, असं झालं की बाकी तिघांची ताकद वाया जाते. त्यामुळे एकच प्रत बिघडली तरी चांगल्या प्रतीचं बरंचसं काम ती नासवते. दुसरी प्रत बहुतेक वेळा पुढे गळून पडतेच.

आता जठराकडे येऊ. जठराच्या अस्तराचा पृष्ठभाग दर काही दिवसांनी नवा होतो. एवढ्या वेगानं पेशी बनायच्या म्हणजे डीएनएची नक्कलही तेवढ्याच वेळा करायची, आणि प्रत्येक नकलेत चुकीला वाव. त्यात जर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वस्तीला आला तर वर्षानुवर्षं सूज राहते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकलं होतं.

तुमच्या वडिलांना झालेला इंटेस्टिनल प्रकार बहुधा एका ठरलेल्या वाटेनं येतो, पेलायो कोरिया यांनी ती वाट मांडून दाखवली. आधी जुनाट सूज, मग ग्रंथी झिजणं, मग जठराच्या अस्तरात चक्क आतड्यासारख्या पेशी उगवणं, मग डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या बिघडलेल्या पेशी, शेवटी कर्करोग. यात बऱ्याचदा काही दशकं जातात. जंतू असलेल्या शंभरातल्या एक ते तिघांनाच शेवटचा टप्पा गाठतो, हेही लगेच सांगते, नाहीतर हे वाचून सगळे घाबरतील.

या वाटेवर गाठ रोखणारी जनुकं एकेक करून पडतात, आणि तो जंतू त्यांना नाना तऱ्हांनी पाडतो. एक तऱ्हा थेट घावाची. आपल्या बी-पेशी नवनव्या अँटिबॉडी घडवण्यासाठी एआयडी नावाचं एन्झाइम वापरतात, ते मुद्दाम डीएनएची अक्षरं बदलतं. हेलिकोबॅक्टरच्या सुजेत हेच एन्झाइम जठराच्या पेशींत चालू होतं, जिथे त्याचं काहीच काम नाही, आणि टीपी५३ या जनुकात (पी५३ प्रथिन बनवणारं तेच) बदल करून ठेवतं. दुसरी तऱ्हा दमदाटीची. जंतू सुईसारख्या नळीतून कॅगए हे प्रथिन पेशीत टोचतो, आणि ते धडधाकट पी५३ लवकर मोडीत काढायला लावतं. इथे जनुकावर ओरखडाही नाही, तरी काम बंद.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मिथाइलेशन. जनुकाच्या सुरुवातीला मिथाइलचे छोटे गट चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. पुस्तकाची पानं एकमेकांना डिंकानं चिकटवून टाकावीत तसं, आतली अक्षरं शाबूत, पण पान उघडत नाही. जुनाट सुजेत ई-कॅडहेरिनचं जनुक, एमएलएच१, पी१६ या गाठ रोखणाऱ्या आणखी तीन जनुकांची पानं अशी चिकटतात, कर्करोग व्हायच्या कितीतरी आधी. आणि ही पानं काही प्रमाणात सुटतातही. जंतूवर उपचार केल्यावर ई-कॅडहेरिनच्या जनुकाचं मिथाइलेशन कमी झाल्याचं दिसलंय. तुटलेलं जनुक जोडता येत नाही, चिकटलेलं काही वेळा सुटतं. शेवटी तुमच्या भावंडांबद्दल जे सांगणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे वेगाचा विचार करू. लोकांना वाटतं, गाठ रोखणारं जनुक गेलं म्हणजे गाठ सुसाट सुटली. जठरात तसं सरळ नसतं. कोणतं जनुक गेलं त्यावर गाठीचा स्वभाव ठरतो. वेग हा त्या स्वभावाचा एक भाग, तोही दरवेळी अपेक्षेप्रमाणे नाही. ई-कॅडहेरिनच्या उदाहरणावरून हे जितकं पटतं तितकं दुसऱ्या कशावरून पटत नाही, म्हणून तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये ते टिकून असलं तरी त्यावर थोडं थांबते.

ई-कॅडहेरिन म्हणजे पेशींनी एकमेकींचे धरलेले हात. सीडीएच१ हे त्याचं जनुक. ते गेलं की पेशी सुट्या होतात. ग्रंथी बनत नाहीत, गोळाही बनत नाही. एकेकटी पेशी जठराच्या भिंतीत शिरते, कधी एका रांगेत. पेशीच्या पोटात श्लेष्म्याचा फुगा आणि केंद्रक कडेला दाबलेलं, अंगठीवरच्या खड्यासारखं, म्हणून यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कर्करोगाचे इंटेस्टिनल आणि डिफ्यूज असे दोन प्रकार पाडले, त्यातला हा डिफ्यूज. एन्डोस्कोपी करणाऱ्याला वरून अस्तर जवळजवळ ठीक दिसतं, आणि खाली भिंत मात्र जाड, ताठ झालेली असते. अस्तराचा वरचा चिमटा घेतला तर बायोप्सी साफ येऊ शकते. अशा वेळी एन्डोस्कोपी करणारे डॉक्टर फोन करून सांगतात, ‘हवा भरली तरी जठर फुगत नाहीये’. ते एक वाक्य मला रिकाम्या बायोप्सीपेक्षा जास्त सांगून जातं.

१९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात या जनुकाचा आनुवंशिक दोष सापडला. कुटुंबातली बरीच माणसं, त्यातली काही अगदी तरुण, जठराच्या कर्करोगानं गेली होती. कुटुंबच संशोधनात पुढाकार घेऊन उतरलं आणि पॅरी गिलफर्ड यांच्या गटानं सीडीएच१ वर बोट ठेवलं. आता असा दोष असलेल्यांना, बहुधा विशी-तिशीच्या दरम्यान, पूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला विचारपूर्वक दिला जातो.

आणि वेगाबद्दलचं उत्तर त्या काढलेल्या जठरांत आहे. बाहेरून निरोगी दिसणारं जठर पूर्ण कापून बारकाईनं पाहिलं तर बहुतेकांत सिग्नेट रिंग पेशींचे बारीक पुंजके सापडतात, कधी एक-दोन, कधी डझनांनी. दोन्ही प्रती गेलेल्या, हात सुटलेले, तरीही त्यातले बरेचसे पुंजके अस्तराच्या वरच्या थरात गप्प बसून असतात. विभाजनाचा वेग दाखवणारा केआय६७ हा रंग त्यांच्यात फारसा उमटत नाही. पुढे गेलेल्या, भिंतीत शिरलेल्या डिफ्यूज कर्करोगात मात्र तो वाढलेला असतो आणि पी५३ ही बिघडलेलं सापडू लागतं. म्हणजे ई-कॅडहेरिन गेल्यानं पेशी मोकाट झाली, पण तिला घाई लागली ती पुढची दारं उघडल्यावर. हे पुंजके नेमके कधी जागे होतील हे सांगता येत असतं तर कित्येकांची जठरं वाचली असती.

पी५३ चा स्वभाव याच्या अगदी उलट. ते गेल्यानं पेशी हात सोडत नाही, ग्रंथीही बऱ्यापैकी बनत राहतात, तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये इंटेस्टिनल प्रकार लिहिलाय तो त्यामुळेच. पण तुटक्या गुणसूत्रांच्या पेशी आता मरत नाहीत. विभाजनात गुणसूत्रांचे अख्खे तुकडे गळतात किंवा दुणावतात. गळालेल्या तुकड्यांबरोबर इतर रोखणाऱ्या जनुकांच्या उरलेल्या प्रती जातात, दुणावलेल्यांबरोबर वाढीची जनुकं येतात. हर-२ या अशाच एका जनुकाची वाढ यातूनच येते. तुमच्या वडिलांमध्ये ती नाही, असती तर ट्रास्टुझुमॅब हे औषध केमोबरोबर देता आलं असतं, पुढे गेलेल्या जठराच्या कर्करोगात ते २०१० पासून वापरात आहे. तेव्हा पी५३ नसणं हे गाठीला ढकलत नाही. ढकलणाऱ्या गोष्टी गोळा करायची मोकळीक देतं.

२०१४ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या प्रकल्पानं जठराच्या २९५ गाठींची जनुकं वाचली आणि त्यांचे चार गट पाडले. साधारण निम्म्या गाठी गुणसूत्रं विस्कटलेल्या निघाल्या आणि त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांहून अधिक गाठींत टीपी५३ बिघडलेलं होतं. तुमच्या वडिलांची गाठ बहुधा या मोठ्या गटातली. सुमारे २० टक्के गाठींत गुणसूत्रं जागच्या जागी होती, त्यात डिफ्यूज प्रकार जास्त, आणि सीडीएच१ किंवा आरएचओए ही जनुकं बिघडलेली. सुमारे ९ टक्के गाठींत एपस्टाइन-बार विषाणू होता. त्यांच्यात पी१६ चं पान हमखास चिकटलेलं आणि एआरआयडी१ए बऱ्याचदा तुटलेलं. उरलेल्या सुमारे २२ टक्के गाठी एमएलएच१ वाल्या, त्यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे सगळा हिशेब उलटतो.

एमएलएच१ हा पेशीचा मुद्रितशोधक. डीएनएची नक्कल झाली की चुकीची अक्षरं हेरून दुरुस्त करणाऱ्या टोळीतला. जठरात तो बहुधा तुटत नाही, त्याचं पान चिकटतं, आणि हे वयस्कर माणसांत, जठराच्या खालच्या भागात जास्त दिसतं. मुद्रितशोधक गेला की चुका हजारोंनी साचतात, विशेषतः जिथे एकच अक्षर ओळीनं आठ-दहा वेळा येतं तिथे. टीजीएफबीआर२ आणि बॅक्स या जनुकांत अशा ओळी आहेत. पहिलं पेशीला ‘वाढू नकोस’ सांगणारा निरोप ऐकतं, दुसरं तिला मरायला मदत करतं. दोन्ही बळी जातात आणि गाठ वाढते.

मग ही सगळ्यात वाईट गाठ असायला हवी ना? नाही. एवढ्या चुकांतून इतकी चित्रविचित्र प्रथिनं बनतात की रोगप्रतिकारक पेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात. स्लाइडवर गाठीत लिम्फोसाइटची नुसती गर्दी दिसते. या रुग्णांचं एकंदर बरं चालतं, आणि रोग पसरलेला असला तरी इम्युनोथेरपी त्यांना इतरांपेक्षा खूपच जास्त लागू पडते. गाठ रोखणारं जनुक गेल्याचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांचा चेहरा खुलतो असा हा एकमेव प्रसंग असावा. तुमच्या वडिलांमध्ये एमएलएच१ टिकून आहे, म्हणजे हा फायदा त्यांना त्या कारणानं मिळणार नाही. इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा अंदाज देणारी पीडी-एल१ ही तपासणी वेगळी असते, ती झाली आहे का ते विचारून घ्या.

बाकीच्यांना मी पटकन हात लावून पुढे जाते. पीटेन वाढीच्या निरोपांची एक साखळी बंद ठेवतं. स्मॅड४ टीजीएफ-बीटाचा ‘थांब’ हा निरोप आत पोचवतं. पी१६ विभाजनाच्या दारावर असतं. एआरआयडी१ए डीएनएची गुंडाळी कुठे सैल, कुठे घट्ट हे बघणाऱ्या यंत्रणेचा भाग. सगळी महत्त्वाची, पण आजच्या घडीला तुमच्या वडिलांच्या उपचारात त्यांच्या असण्या-नसण्यानं फारसा बदल होत नाही. आणि कुठे आरयूएनएक्स३ बद्दल वाचलंत तर जरा राखून वाचा. २००२ मध्ये ते जठराचं मुख्य रोखणारं जनुक म्हणून गाजलं. नंतर काहींनी विचारलं की निरोगी जठराच्या पेशींत ते मुळात असतं तरी का? तो वाद मी माझ्या डोळ्यांनी रंगलेला पाहिलाय, दोन्ही बाजूंची अँटिबॉडी वेगळी होती.

तर वेगाचं उत्तर. २०१५ मध्ये ३०० गाठींवर झालेल्या आशियाई गटाच्या अभ्यासात एमएलएच१ च्या जातीच्या गाठी सगळ्यात बऱ्या निघाल्या, हात सोडून भटकणाऱ्या पेशींच्या गाठी सगळ्यात वाईट. पी५३ वाल्या मध्ये होत्या, त्यातही पी५३ काम करत असलेल्या थोड्या बऱ्या, बिघडलेल्या थोड्या वाईट. म्हणजे फरक आहे, पण नुसत्या या एका रंगावरून एका माणसाचं भविष्य मी सांगणार नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, किती लिम्फ नोडमध्ये आहे, यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरली आहे का, या तीन गोष्टींचं वजन पी५३ पेक्षा कितीतरी जास्त. सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून पोटाच्या आतली पाहणी, यांवर लक्ष द्या.

पी५३ दुरुस्त करायचं औषध का नाही, हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून तोही घेते. एखादं जनुक जास्त काम करत असेल तर त्याला अडवता येतं. जे कामच करत नाही, त्याला अडवायचं काय? ते परत उभं करावं लागतं, आणि तेही प्रत्येक पेशीत. चीननं २००३ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगासाठी विषाणूतून पी५३ पोचवणाऱ्या उपचाराला मंजुरी दिली होती, जगभरात तो रुळला नाही. वाय२२०सी नावाच्या एका विशिष्ट बिघाडात पी५३ ला पुन्हा आकार देणारी गोळी चाचण्यांत आहे. हा बिघाड पी५३ च्या शेकडो बिघाडांतला एक. आडवाटेनं मात्र काही हाती लागलंय. क्लॉडिन १८.२ हे प्रथिन निरोगी अस्तरात पेशींच्या घट्ट सांध्यात दडलेलं असतं. गाठीत पेशींची मांडणी बिघडली की ते उघडं पडतं आणि झोल्बेटक्सिमॅब हे औषध त्यावर नेम धरतं. हर-२ निगेटिव्ह असलेल्या, पुढे गेलेल्या रोगात ही तपासणी करतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत शस्त्रक्रिया होण्यासारखी नसेल तर ती आवर्जून विचारा.

आता भावंडांचा प्रश्न. वडिलांच्या गाठीत पी५३ बिघडलंय याचा अर्थ ते त्यांच्या रक्तात किंवा तुमच्यात बिघडलंय असा होत नाही. बहुतांश वेळा हा बिघाड आयुष्यात, त्या अस्तराच्या एखाद्या पेशीत झालेला असतो आणि त्या गाठीबरोबरच संपतो. गाठीचा रिपोर्ट आणि आनुवंशिक चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी. पी५३ जन्मतःच बिघडलेलं असतं अशी कुटुंबं असतात, पण त्यांचं चित्र निराळं: लहान वयात हाडांचे किंवा स्नायूंचे सार्कोमा, मेंदूच्या किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठी, तिशीच्या आत स्तनाचा कर्करोग. सीडीएच१ चा विचार आम्ही डिफ्यूज प्रकारात करतो: पन्नाशीच्या आत झालेला, किंवा घरात दोघांना जठराचा कर्करोग आणि त्यातला एक तरी डिफ्यूज, किंवा त्याच घरात स्तनाचा लोब्युलर कर्करोग. एमएलएच१ गेलं असतं आणि ते मिथाइलेशनमुळे नसतं, तर लिंच सिंड्रोम, म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा आनुवंशिक दोष, तपासला असता. ६१ व्या वर्षी, इंटेस्टिनल प्रकार, ई-कॅडहेरिन आणि एमएलएच१ दोन्ही टिकून: यातलं काहीच बसत नाही. घरात इतर कोणाला कमी वयात कर्करोग झाला असेल, विशेषतः स्तनाचा, अंडाशयाचा, आतड्याचा, तर मात्र जनुक सल्लागाराला भेटा. मी सुचवण्यासारखं अजून तरी तुम्ही काही लिहिलेलं नाही.

अंडाशय आणि स्तनाचं नाव घेतलं त्याला कारण आहे. २०२३ मध्ये जपानमधला एक मोठा अभ्यास आला. स्तन-अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२, शिवाय एटीएम, सीडीएच१ अशा नऊ जनुकांपैकी एखादं जन्मतः सदोष आणि पोटात हेलिकोबॅक्टरही, अशा लोकांत ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के निघाली. जंतू आहे पण जनुक ठीक, त्यांच्यात सुमारे १४ टक्के. आणि जंतूच नसेल तर, जनुक कसंही असो, ५ टक्क्यांच्या आत. हे आकडे जपानचे, जिथे हा रोग मुळातच जास्त, तेव्हा ते जसेच्या तसे स्वतःला लावू नका. पण दिशा बघा. सदोष जनुकाला आपण हात लावू शकत नाही, जंतूला लावू शकतो.

म्हणून तुम्हा तिघांना मी जनुक चाचणीआधी हेलिकोबॅक्टरची तपासणी सांगेन. जठराचा कर्करोग झालेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांवर दक्षिण कोरियात झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. या सगळ्यांना जंतूची लागण होती. सुमारे नऊ वर्षांनी उपचार घेतलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना कर्करोग झाला, न घेतलेल्यांपैकी २.७ टक्के. ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात तर ०.८ टक्केच. तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल किंवा पोटाच्या तक्रारी असतील तर एकदा एन्डोस्कोपीही करून घ्या, म्हणजे अस्तर कितपत झिजलंय ते कळेल. झीज किंवा आतड्यासारख्या पेशी खूप पसरलेल्या असतील तर जंतू गेल्यावरही दर काही वर्षांनी बघावं लागतं, कारण तोवर काही जनुकं चिकटण्याच्या पलीकडे जाऊन तुटलेली असू शकतात.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची चालते, रक्ताची नको. रक्तातल्या अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बराच काळ राहतात. आणि औषधांचा कोर्स संपला म्हणजे जंतू गेला असं धरू नका. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून पुन्हा श्वासाची तपासणी करा, आणि त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या ‘प्राझोल’वाल्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.